शिवसागरावर सप फॉइलिंग करायचंय? बोर्डाचं माप असं ठरवा

सप फॉइलिंग म्हणजे उभं राहून वल्हं मारत बोर्ड पाण्याच्या वर उचलायचा आणि खालच्या पंखावर, म्हणजे फॉइलवर, तरंगत जायचं. हे शिकायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझं वजन अमुक किलो, बोर्ड किती लिटरचा घेऊ?" लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान. प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचा नंबर दुसरा लागतो. आधी हे ठरवायला हवं की तुम्ही कुठल्या पाण्यात उतरणार आणि तिथे बोर्ड उचलण्यासाठी लागणारा वेग कुठून आणणार. लाटेकडून, वाऱ्याकडून की स्वतःच्या दंडातून?

नेटवर मिळणारे मापांचे बहुतेक तक्ते समुद्रासाठी लिहिलेले असतात. तिथे मागून लाट येते, बोर्ड ढकलते, आणि वेगाचं अर्धं काम फुकटात होतं. सातारा जिल्ह्यात बामणोली, तापोळा, धोम, कण्हेर, उरमोडी इथे तसं काही नाही. पाणी गोडं, सपाट आणि तीन बाजूंनी डोंगर. त्यामुळे समुद्रावर उत्तम चालणारा सहा फुटी, रुंद, आखूड बोर्ड आपल्याकडे आणला तर माणूस त्यावर आरामात उभा राहतो, पण पाण्यातून वर उठत नाही. दमून जातो आणि दोष स्वतःच्या ताकदीला देतो. खरं तर दोष मापाचा असतो. म्हणून या लेखात माप आपल्या पाण्यापासून सुरू करू.

आधी पाणी निवडा

सातारा-सांगलीत या खेळासाठी धरणांचे फुगवटेच बरे. सांगलीजवळच्या कृष्णेत उतरण्याचा विचार सोडून द्या. तिथे मगरी आहेत, कोल्हापुरी बंधारे आहेत, पाणी उपसायच्या जॅकवेल आहेत आणि पावसाळ्यात पाणी कधी वाढेल ते वरच्या धरणांच्या विसर्गावर ठरतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात तिथलं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फॉइल शिकणारा माणूस दर दोन मिनिटांनी पाण्यात पडतो. त्याने वाहत्या नदीत शिकू नये.

कोयनेचा शिवसागर जलाशय लांबलचक आहे, साठा १०५.२५ टीएमसी. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला पाण्याचे मोठे पट्टे मिळतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जलाशयाचा बराच परिसर कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, आणि धरणाच्या भिंतीकडचा भाग प्रतिबंधित असतो. वन विभाग, जलसंपदा विभाग आणि तिथला बोट क्लब यांच्याशी बोलल्याशिवाय बोर्ड पाण्यात टाकू नका. धोम आणि कण्हेर वाई-साताऱ्याहून जवळ पडतात, पण तिथेही आधी परवानगीची चौकशी करायची.

दुसरी गोष्ट खोलीची. मास्ट, म्हणजे बोर्डाखालचा उभा खांब, ७५ ते ८५ सेंटिमीटरचा असतो आणि पंख त्याच्याही खाली. सप्टेंबरात धरण भरलेलं असताना काठापासून थोडं आत गेलं की दोन मीटर पाणी सहज मिळतं. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं. ज्या खोडांवरून आपण हिवाळ्यात निवांत गेलो, तीच वीतभर पाण्याखाली येऊन थांबलेली असतात. बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या वस्त्यांचे चौथरे आणि मासेमारीची जाळी यांचंही तसंच. कुठे काय आहे हे तिथले होडीवाले आणि मच्छीमार अचूक सांगतात. पाण्यात उतरण्याआधी त्यांना विचारा. दहा मिनिटांच्या बोलण्यात पंखाची धार वाचते आणि गुडघाही वाचतो.

पाण्यातून वर कसं उठणार, ते ठरवा

फॉइलचं गणित एका ओळीचं आहे. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग निम्मा असेल तर तेवढीच उचल मिळवायला चौपट मोठा पंख लागतो. ८४ किलोचा माणूस आणि १५ किलोचं सामान धरलं, तर १७०० चौरस सेंटिमीटरच्या पुढच्या पंखाला बोर्ड पाण्याबाहेर काढायला ताशी साधारण १२ किलोमीटर वेग हवा. तोच माणूस १३०० च्या पंखावर गेला तर वेग १४ च्या आसपास लागतो. सपाट पाण्यात नुसत्या वल्ह्याने १२ गाठणं कष्टाचं आहे, पण जमतं. १४ गाठणं फार थोड्यांना जमतं.

आता बोर्डाची बाजू पाहा. तरंगत असताना बोर्ड स्वतःच्याच उठवलेल्या लाटेत अडकतो. ही अडकण्याची गती लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉटमधला, म्हणजे ताशी सागरी मैलांतला, आकडा येतो. सहा फुटी बोर्डाला तो ताशी सहा किलोमीटरच्या जरा वर मिळतो, आठ फुटीला सात. म्हणजे दोघांनाही ती लाट ओलांडून जवळजवळ दुप्पट वेगाला जायचं आहे. लांब आणि अरुंद बोर्ड ही लाट कमी उठवतो, म्हणून ती कमी श्रमात ओलांडतो. सांगलीत कृष्णेवर होणाऱ्या होड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शर्यतीची होडी लांब आणि निमुळतीच असते, कारण वल्ह्याची ताकद पाणी बाजूला सारण्यात वाया जाऊ द्यायची नसते.

समुद्रावरसुद्धा हा धडा उशिरा गिरवला गेला. सुरुवातीचे सप फॉइल बोर्ड आखूड आणि रुंद होते, २८ ते ३० इंची. २०२२ च्या सुमारास हवाईच्या डेव्ह कलामासारख्या लोकांनी लांब, अरुंद बोर्ड रूढ केले आणि बारीक लाटांवरून, पुढे सपाट पाण्यावरूनही वल्हं मारून उठता येऊ लागलं. धरणावर शिकणाऱ्याने हे नक्की समजून घ्यावं, कारण बाजारात आणि जुन्या मालात अजूनही दोन्ही जातींचे बोर्ड मिळतात.

आपल्याकडे उठण्याचे तीन मार्ग आहेत. नुसतं वल्हं हा सगळ्यात अवघड. दुपारचा वारा दरीतून चांगला सुटला की त्याच्या बारीक लाटांवर पाठीला वारा घेऊन उठणं थोडं सोपं. तिसरा मार्ग विंगचा, हातात हवेने फुगवलेला पंख धरून वाऱ्याने ओढून घ्यायचं. तिन्ही करायचं मनात असेल तर बोर्ड पहिल्या मार्गाच्या हिशोबाने घ्या. वल्ह्याने उठणारा बोर्ड विंगलाही चालतो. विंगचा पाच फुटी बोर्ड घेऊन सपाट पाण्यात वल्ह्याने उठायला मात्र असामान्य तयारी लागते.

वजन करा, पण ओल्या सामानासकट

इथे घाई करू नका. पुढचं सगळं माप या एका आकड्यावर उभं राहतं.

घरच्या वजनकाट्यावर सकाळी उपाशीपोटी उभं राहून आलेला आकडा उपयोगाचा नाही. पाण्यात तुमच्याबरोबर लाइफ जॅकेट असतं, हेल्मेट असतं, ओले कपडे असतात, कमरेला पाण्याची बाटली असते. बोर्डाचं स्वतःचं वजन सहा ते नऊ किलो, फॉइलचा संच चार ते सहा किलो, वल्हं अर्धा-पाऊण किलो. हे सगळं त्याच लिटरांनी पेलायचं असतं. म्हणून असं करा: जॅकेट आणि कपडे बादलीत बुडवा, पाणी थोडं निथळू द्या, अंगावर चढवा आणि काट्यावर उभे राहा. कोरड्या आणि ओल्या आकड्यांत किती फरक पडतो ते पाहून बहुतेकांना नवल वाटतं. जाड सुती टी-शर्ट घालणाऱ्यांचा फरक सगळ्यात जास्त, आणि म्हणूनच फॉइलला सुती कपडा नको.

बोर्ड, फॉइल आणि वल्हं या सामानाचं नेमकं वजन माहीत नसेल तर १५ किलो धरा. हलक्या कार्बन सामानाला हा आकडा थोडा जास्त होतो, ॲल्युमिनियमच्या मास्टला बरोबर बसतो.

लिटर काढा

एक लिटर गोडं पाणी बाजूला सारलं की एक किलो तोललं जातं. म्हणून काट्यावरचं ओलं वजन अधिक १५ हा आकडा म्हणजे बोर्ड जेमतेम बुडण्याच्या बेतात असण्याचं माप. त्यावर राखीव तरंग हवा. धरणावरच्या पहिल्या बोर्डासाठी मी हा हिशोब सुचवतो: वजनात १५ मिळवा आणि १.३ ने गुणा.

५८ किलोच्या मुलीला त्याने ९५ लिटर येतात. ८४ किलोच्या माणसाला १२९, म्हणजे १२५ ते १३० मधला कुठलाही. १०० किलोवाल्याला १५०. अनेक तक्ते "वजनात सरसकट ३० लिटर मिळवा" असं सांगतात. ते हलक्या माणसाला जवळपास बसतं, पण वजन वाढेल तसं कमी पडत जातं, १०० किलोच्या माणसाला तर वीस लिटरने. जड माणूस डोलला की झुकावही मोठा होतो, त्याला राखीव लिटर जास्तच लागतात.

गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा बोर्ड कमी तरंगतो हे खरं, पण फरक अडीच टक्क्यांचा आहे. १३० लिटरच्या बोर्डावर तो तीन किलोंच्या आसपास जातो. ओलं जॅकेट आणि भरलेली बाटली एवढाच. समुद्राचा तक्ता वापरताना तीन-चार लिटर वाढवले की विषय संपला. त्यापायी पुढच्या मोठ्या मापाच्या बोर्डावर उडी मारायची गरज नाही.

मग १.३ का? कमी का नको? कारण आपला वारा. शिवसागर साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सहाएक टक्के विरळ. एवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते दरीमुळे. डोंगरांच्या खिंडीतून वारा एकसारखा येत नाही. झोत येतो, पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसतो, आणि तुम्ही त्यात शिरून उठेपर्यंत तो पडलेला असतो. अशा वेळी तुम्ही काठापासून किलोमीटरभर आत असता. बोर्डाला राखीव तरंग असेल तर त्यावर उभं राहून वल्हवत परत येता येतं. नसेल तर बोर्ड घोट्यापर्यंत बुडतो, उभं राहता येत नाही आणि पोटावर पडून हाताने पाणी कापत यावं लागतं. समुद्रावरचा तज्ज्ञ ८० किलो वजनाला ८० लिटरचा बोर्ड घेतो, कारण त्याला वारा आणि लाट दोन्हींचा भरवसा असतो. शिवसागरावर तो भरवसा धरू नका. या बाबतीत मी हट्टी आहे: पहिल्या बोर्डावर लिटरांची काटकसर करू नये.

रुंदी: सगळ्यात नाजूक आकडा

बोर्डाच्या बाजूला कलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. लांबी आणि आकार तोच ठेवून २० इंचाचा बोर्ड २४ इंच केला तर हा विरोध पावणेदोनपटीच्या जवळ जातो. चार इंचांत एवढा फरक! उलट लांबी वाढवली की स्थिरता फक्त त्याच प्रमाणात वाढते. म्हणून दुकानदार "हा लांब आहे, स्थिर वाटेल" म्हणाला तरी रुंदीचा आकडा विचाराच.

रुंदी मिळते ती वेगाच्या मोबदल्यात. रुंद बोर्ड पाणी ढकलतो. शिवाय वल्हं बोर्डाच्या कडेपासून दूर पडतं आणि प्रत्येक फटक्याला नाक उलट बाजूला वळतं. सपाट पाण्यात उठायला आठ-दहा जोरदार फटके सलग एकाच रेषेत जायला हवेत. तीस इंची बोर्डावर त्यातली निम्मी ताकद नाक सरळ ठेवण्यात जाते.

पहिल्या बोर्डाला माझ्या मते असं माप असावं: ६५ किलोच्या आत वजन असेल तर २१ ते २२ इंच, ६५ ते ८५ मध्ये २२ ते २४, त्याच्या वर २४ ते २५. तुम्ही आधी साध्या सपवर, म्हणजे फॉइल नसलेल्या, उभं राहून वल्हवायच्या बोर्डावर, पाण्याचा सराव केला असेल तर यातली खालची बाजू घ्या. अजून साध्या सपवरही पाय थरथरत असतील तर फॉइल बोर्ड घेऊच नका. आधी ३०-३२ इंची साध्या सपवर वाऱ्यात, लाँचच्या लाटांत, दोन्ही बाजूंनी वल्हं मारत सराव करा. त्या पैशांत आणि त्या महिन्यांत होणारी प्रगती अरुंद बोर्डावर पडून होणार नाही.

इतक्यात १९ इंची बोर्डांच्या मोहात पडू नका. ते सुंदर धावतात, पण त्यांच्यावर उभं राहणं हाच एक स्वतंत्र खेळ आहे.

लांबी

वर हिशोब झालाच आहे, म्हणून थोडक्यात. सपाट पाण्यासाठी सात फुटांच्या खाली जाऊ नका. हलक्या माणसाला सात ते साडेसात, मध्यम वजनाला साडेसात, भारी माणसाला आठ फूट. आठच्या पुढे गेलं की पाणी लवकर कापलं जातं, पण एकदा वर उठल्यावर पायाखाली लांब दांडा हलवल्यासारखं जड वाटतं. पंख चालू ठेवायला पायाने दाब-सोड करावी लागते, तिथे हे जाणवतं.

नेण्या-आणण्याचाही विचार करा. आठ फुटी बोर्ड गाडीच्या टपावरच जातो, आणि कास पठारावरून बामणोलीला उतरताना वळणं, वारा आणि खड्डे तिन्ही आहेत. पट्टे दोन लावा, नाकाला तिसरी दोरी बंपरला बांधा, आणि फॉइल सुटं करून कापडात गुंडाळून आत ठेवा. टपावर फॉइल लावून नेणं धोक्याचं आहे. एसटीने जाणाऱ्यांसाठी हवेने फुगवायचे फॉइल बोर्ड मिळतात. ते विंगला चालतात, पण दाबाखाली किंचित वाकतात आणि त्यांच्या कडा गोल असतात. गोल कड पाण्याला चिकटते, म्हणून नुसत्या वल्ह्याने उठायला त्यांची मदत कमी.

तळ, कड आणि जाडी

बोर्ड उलटा करून पाहा. नाकाखालचा भाग किंचित फुगीर, होडीसारखा असावा. तो पाणी दुभंगतो. मागचा भाग सपाट आणि शेपटीची कड धारदार असावी, म्हणजे पाणी तिथून सुटतं, वर चढत नाही. शेपटी थोडी वर उचललेली असली तर नाक वर करायला जागा मिळते. तळहाताने कडेवरून हात फिरवा. मागच्या तीनएक फुटांत कड बोटाला स्पष्ट लागली पाहिजे.

अरुंद बोर्डात लिटर भरायचे तर जाडी वाढते, आणि जाडी वाढली की तुमचे पाय पाण्यापासून वर जातात. पाय जितके वर, तितका तोल अवघड. म्हणून चांगल्या अरुंद बोर्डांचा वरचा भाग खोलगट केलेला असतो. दोन बोर्डांचे लिटर आणि रुंदी सारखी असेल तर खोलगट पाठीचा घ्या.

फॉइलशी जोडी जुळवा

बोर्डाचं माप एकट्याने ठरत नाही. ८४ किलोला १७०० चौरस सेंटिमीटरचा पंख म्हटलं, तसं ५८ किलोला १३०० पुरतो. दोघांचाही सुटण्याचा वेग ताशी १२ च्या आसपासच येतो. पंख लांब आणि अरुंद जातीचा घ्या, म्हणजे त्याच क्षेत्रफळात ओढ कमी राहते. पंख लहान घेऊन बोर्ड मोठा घेणं, किंवा उलट, हे दोन्ही पैसे वाया घालवण्याचे रस्ते आहेत.

मास्ट पहिल्या वर्षी ७५ सेंटिमीटरचा बरा. आपल्या जलाशयांत काठाजवळ गाळ आणि खोडं असतात. पडण्याची उंचीही थोडी कमी राहते.

बोर्डाखालच्या दोन समांतर खाचा पाहून घ्या. त्यांच्यातलं अंतर ९० मिलिमीटर हे प्रचलित माप आहे, आणि बहुतेक मास्टच्या वरच्या टोकाच्या पाट्या त्यावर बसतात. जुना बोर्ड घेणार असाल तर तुमची पाटी बरोबर घेऊन जा आणि चारही बोल्ट फिरवून पाहा. खाचेच्या कडेला केसासारख्या भेगा किंवा दाबल्यावर मऊ लागणारा फोम दिसला तर तो बोर्ड कितीही स्वस्त असला तरी नको. आत पाणी शिरलेला बोर्ड दोन-तीन किलोंनी जड होतो आणि तुमचा लिटरांचा सगळा हिशोब तिथेच चुकतो.

पहिल्यांदा मास्ट खाचेच्या मधोमध लावा. नाक सारखं वर उसळत असेल तर मास्ट सेंटिमीटरभर मागे, नाक पाण्यातच चिकटून राहत असेल तर सेंटिमीटरभर पुढे. एका वेळी एकच सेंटिमीटर. मधल्या जागेपासून तीन-चार सेंटिमीटर सरकवूनही जमत नसेल तर बोर्ड आणि पंख यांची जोडीच तपासायला हवी.

वल्हं स्वतःच्या उंचीइतकं किंवा दोन-तीन इंच जास्त ठेवा. साध्या सपला वापरतो तेवढं लांब वल्हं इथे नको, जोराचे आणि जलद फटके मारायचे असतात.

घेण्याआधी पाण्यात उभे राहा

शक्य असेल तर कुणाचा तरी बोर्ड तासभर मागून घ्या. ही परीक्षा कुठल्याही तक्त्यापेक्षा खरी. फॉइल काढून ठेवा, कंबरभर पाण्यात जा, मित्राला बाजूला उभं करा. बोर्डाच्या मध्यावर गुडघे टेकून चढा, मग उभे राहा, पाय खांद्याइतके फाकवून. मित्राने पाण्याची रेषा पाहायची. पायांजवळ बोर्डाची पाठ पाण्याच्या इंचभर तरी वर हवी. फॉइल लावल्यावर चार-सहा किलो वाढतात, तेव्हा ती अजून थोडी खाली जाईल. पाठ पाण्याशी समतल झाली असेल तर तो बोर्ड तुमच्यासाठी दुसरा बोर्ड आहे, पहिला नव्हे.

मग पायाकडे पाहणं सोडून समोरच्या डोंगरावर नजर ठेवा. नजर खाली असेपर्यंत बरेच जण तग धरतात, मान वर केली की खरं कळतं. उजवीकडे दहा फटके, डावीकडे दहा फटके. त्यानंतर मुद्दाम पडा आणि पुन्हा चढा, असं दम लागेपर्यंत. ताज्या पायांवर स्थिर वाटणारा बोर्ड दमलेल्या पायांवर वेगळाच वाटतो, आणि शिकताना तुम्ही बहुतेक वेळ दमलेलेच असणार आहात. दमल्यावरही चारपैकी तीनदा उभं राहता आलं तर रुंदी योग्य.

एकाच बोर्डावर माझी बहीण आणि मी दोघांनी अशी परीक्षा घेऊन पाहिली आहे. ती माझ्यापेक्षा वीसेक किलोंनी हलकी. तोच ११० लिटर, २२ इंची बोर्ड तिच्या पायाखाली पाठ कोरडी ठेवून उभा राहिला आणि माझ्या पायाखाली शेपटीकडून पाणी चढू लागलं. ती डोलली तर बोर्ड तिच्याबरोबर परत यायचा. मी डोललो की कड पाण्याखाली जायची आणि मग परत येत नसे. घरात दोघांसाठी एकच बोर्ड घ्यायचा असेल तर लिटर जड माणसाच्या हिशोबाने धरा आणि रुंदी दोघांच्या मापांच्या मधली. हलक्या माणसाला जास्तीचे लिटर खपतात, जड माणसाला कमी पडलेले खपत नाहीत.

पहिले दिवस

बोर्ड आला म्हणून लगेच वल्ह्याने उठायला जाऊ नका. आधी पंखावर उभं राहण्याची सवय लागायला हवी. ती विंगने किंवा संथ बोटीच्या मागे दोरीने ओढून लवकर लागते. बोटीचं करायचं तर परवानगी, जाणता चालक आणि दोरी लगेच सोडता येईल अशी मूठ, तिन्ही हवं. सर्फिंगची मूळ ओळख हवी असेल तर कर्नाटकातलं मुल्की किंवा तमिळनाडूतलं कोवलम इथल्या क्लबांत आठवडाभर शिकून येणं फायद्याचं.

हेल्मेट आणि जॅकेट प्रत्येक वेळी. पंखाच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून पडताना बोर्डापासून दूर, बाजूला पडा, आणि खाली पाय मारू नका. वासोट्याच्या लाँच ये-जा करतात त्या वाटेपासून लांब राहा. लीश, म्हणजे बोर्ड तुमच्याशी जोडणारी दोरी, बांधलेली हवी, कारण रिकामा बोर्ड वाऱ्याने तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने निघून जातो.

दुसरा बोर्ड कधी, कसा

दोन्ही बाजूंनी वल्हं मारून उठता यायला लागलं, दर चार प्रयत्नांत तीन यशस्वी होऊ लागले आणि उठल्यावर बोर्डाचं नाक जड वाटू लागलं, की माप कमी करायचा विचार करा. तेव्हा गुणक १.३ वरून १.१५ वर आणा. ८४ किलोला ११४ लिटर, ५८ किलोला ८४. कमी करताना आधी रुंदी एक-दोन इंचांनी उतरवा आणि लांबी आहे तशी ठेवा, कारण सपाट पाण्यात वेग तीच देते. विंगवरच जास्त वेळ जात असेल तर मात्र उलट करा, लांबी उतरवा आणि रुंदी राखा.

बोर्ड बदलला त्या महिन्यात पंख बदलू नका. दोन्ही एकदम बदलले तर काय बिघडलं आणि कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि मास्टची जागाही नव्याने शोधावी लागते. नव्या बोर्डावर जुनाच पंख लावा, मास्ट पुन्हा मधोमध आणा आणि तिथून सेंटिमीटर-सेंटिमीटरने सुरुवात करा.